चांदण्या सांगतील तिकडे

मुंबईच्या पोटातली जुनी गावं वर्षभर दिसत नाहीत. असतात, पण एखाद्या टॉवरच्या पार्किंगमागे, शोरूमच्या बाजूच्या बोळात, 'पुढे रिक्षा नाय जाणार' असं रिक्षावाला सांगतो त्या वळणापलीकडे. डिसेंबरचा मध्य उलटून नाताळ जवळ आला की ती आपणहून पत्ता सांगू लागतात. गॅलऱ्यांत कागदी चांदण्या लागतात, आत बल्ब पेटतात, आणि चांदण्या जिथे दाट तिथे गाव, एवढ्या हिशेबावर संध्याकाळी हिंडता येतं. मॉलमधली तीन मजली झाडं बघायला मी जात नाही. ती सिंगापूरलाही तशीच असतात.

सुरुवात फोर्टातून करावी. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ साली नाताळच्याच दिवशी उपासनेसाठी उघडलं. त्याआधी चाळीसेक वर्षं त्याच्या अर्धवट भिंती तशाच उभ्या होत्या. म्हणजे रखडलेलं बांधकाम ही आपली परंपरा मेट्रोच्या बरीच आधीची. किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चकडे उघडायचा तो चर्चगेट. दरवाजा गेला, नाव लोकलच्या पाटीवर राहिलं. आत भिंतींवर कंपनीच्या साहेबांची संगमरवरी स्मारकं आहेत, आणि पंख्याखाली बसायला निवांत बाकं. हा साहेबाचा नाताळ. देखणा आहे, पण मला जरा परका वाटतो.

तिथून क्रॉफर्ड मार्केटकडे वळलं की निवांतपणा संपतो. प्लॅस्टिकची झाडं उंचीनुसार रांगेत, पिशव्यांतून कापसाचा बर्फ, दोरीला लटकलेले सांताचे मुखवटे. बाहेर हवा अशी की स्वेटर घालावा तर घाम येतो आणि न घालावा तर 'थंडी पडली हो' म्हणायची संधी जाते. लोहार चाळीत दिव्यांच्या माळांचा भाव विचारला तर विक्रेता म्हणाला, "वोही दिवाली का माल है, अभी सस्ता है." एवढा प्रामाणिकपणा बाजारात क्वचित भेटतो. मी माळ घेतली. तसंही आमच्या इमारतीत अर्ध्या खिडक्यांत दिवाळीचा आकाशकंदील अजून लटकतोच आहे, विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आता थर्टी फर्स्ट होऊन जाऊ दे."

खरा नाताळ गिरगावात सुरू होतो. खोताची वाडी म्हणजे पाठारे प्रभू खोतांची जमीन. दादोबा वामन खोतांनी तिचे तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना दिले आणि त्यांनी बाहेरून लाकडी जिने असलेली, कठड्यांची, उतरत्या कौलांची घरं बांधली. एके काळी पासष्टच्या आसपास होती म्हणतात, आता निम्मीही उरली नाहीत. अनंताश्रमाची खानावळ याच वाडीत होती, तीही गेली; तिथल्या माशांच्या जेवणावर वाढलेले गिरगावकर अजून त्या बंद दाराशी क्षणभर थबकतात. याच गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, आणि तिथून थोड्या पावलांवर डिसेंबरात चौकातल्या क्रुसाला दिव्यांची माळ पडते. या भागातले आणि वांद्र्याचे बरेचसे क्रूस १८९६ च्या प्लेगच्या वेळचे. साथ आटोक्यात यावी म्हणून लोकांनी कोपऱ्या-कोपऱ्यावर उभारले. आज त्यांच्याकडे बघून कुणाला प्लेग आठवत नाही, आणि ते बरंच आहे.

माझगावची माथारपाखाडी त्याहून लपलेली. डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरून दोनदा विचारावं लागतं. जोसेफ बाप्टिस्टा इथले, टिळकांचे निकटचे सहकारी, १९१६ साली होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. सगळे त्यांना 'काका' म्हणायचे. टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे. नाताळ म्हटलं की आपल्या मनात आपोआप गोव्याची गिटार वाजते, पण हा माणूस आणि त्याची पाखाडी कोकणपट्टीतली, घरात मराठी बोलणारी. पोर्तुगीजांच्या काळात इथल्याच कुणब्यांनी, कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी नवा धर्म घेतला. शेती तीच राहिली, म्हाताऱ्या लुगडंच नेसत राहिल्या. पुढे गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी येऊ लागले तेव्हा आपण इथले मूळचे हे ठसवण्यासाठी या मंडळींनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ईस्ट इंडियन म्हणून संस्था काढली. पश्चिम किनाऱ्यावर राहून ईस्ट इंडियन! राणी खूश व्हावी म्हणून माणूस दिशाही बदलतो.

मग वांद्रे. हिल रोडला गर्दी इतकी की चालायचं आपण ठरवत नाही, गर्दी ठरवते. लाल टोप्या, पिपाण्या, डोक्यावर लुकलुकणारी शिंगं. ती शिंगं घातलेली एक साठीची बाई भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडत होती, हे या रस्त्यावरचं मला सर्वात आवडलेलं दृश्य. सेंट अँड्र्यूजच्या आवारात एका अखंड दगडातून कोरलेला उंच क्रूस आहे; तिथे दोन मिनिटं थांबावं, आणि मग मोठा रस्ता सोडून रनवारमध्ये शिरावं. रनवार, वरोडा, चिंबई, पाली, चुईम, शेर्ली, राजन: ही सगळी गावं आहेत बरं का, गावठाणं, आणि चांदण्या त्यांच्या सीमा अचूक दाखवतात. गाव संपलं, टॉवर लागला, की चांदण्यांच्या जागी एकसारख्या पांढऱ्या दिव्यांचा पडदा लागतो, सोसायटीच्या वर्गणीतून.

रनवारच्या घरांतून या दिवसांत वास येतो. काजूचं मार्झिपान साच्यांतून काढणं चालू असतं (बदाम परवडत नाहीत म्हणून काजू, आणि खरं सांगायचं तर काजूचंच जास्त चांगलं लागतं). कलकल, म्हणजे गोड तळणीचे शंख, वळायला पोरं बसवलेली असतात. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, थोड्या भावकीतल्या. मिल्क क्रीम, थाळी स्वीट, पेरूचं चीज. आणि जेवणाला इंदियल, म्हणजे डुकराच्या मटणाचा झणझणीत रस्सा, सोबत फुगे, म्हणजे फुगवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. इंदियल न खाणाऱ्यांनीही फुगे सोडू नयेत.

गल्लीच्या टोकाला येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा. बांबू, पेंढा, निळ्या कागदाचं आकाश. मेंढ्या प्लॅस्टिकच्या, आणि त्यांच्यात हमखास कुणाच्या तरी खेळण्यातला एक डायनॉसॉर. काही घरांत गोठ्याभोवतीचं कुरण डब्यात नाचणी किंवा गहू रुजवून करतात, अगदी घटस्थापनेच्या धान्यासारखं. चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीतली जागा रिकामी असते. बाळ नंतर ठेवायचं. एका गोठ्यापाशी चार-पाच वर्षांची मुलगी आजीला विचारत होती, "बाळ कुठेय?" आजी म्हणाली, "अजून आईच्या पोटात. चल, जेवायला."

चर्चमधली मध्यरात्रीची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, आता बऱ्याच ठिकाणी मध्यरात्री नसते. पटांगणातल्या लाऊडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आली आणि येशूचा जन्म अलीकडे ओढावा लागला. कोट घातलेले पुरुष आणि नवे फ्रॉक घातलेल्या मुली साडेदहालाच रस्त्यावर येतात, रिक्षा शोधतात. जुनी माणसं कुरकुरतात. आईस्क्रीमवाले कुरकुरत नाहीत.

नाताळ झाला तरी चांदण्या लगेच उतरत नाहीत. बाळ येशूला बघायला निघालेले तीन राजे गोठ्यापर्यंत पोचतात सहा जानेवारीला. मधल्या आठवड्यात नाक्यानाक्यांवर 'ओल्ड मॅन' बसतो. जुन्या शर्ट-पँटमध्ये पेंढा कोंबायचा, मुखवटा लावायचा, तोंडात सिगारेट, आणि मोडक्या खुर्चीवर बसवून पोरांनी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसे मागायचे. एकतीसच्या रात्री बारा वाजता सरत्या वर्षासकट म्हातारा जाळायचा. पाली गावाजवळ असा एक म्हातारा बसला होता, चौकड्यांच्या चांगल्या शर्टात. एक गृहस्थ स्कूटर थांबवून त्याच्याकडे निरखून बघत होते.

"हा माझा शर्ट आहे," ते म्हणाले.

"मम्मीने दिला," डबा धरलेला मुलगा शांतपणे म्हणाला.

गृहस्थांनी वाकून म्हाताऱ्याचा खिसा चाचपला, काही सापडलं नाही. मग स्वतःच्या खिशातून वीस रुपये काढून डब्यात टाकले आणि स्कूटरला किक मारली.