ग्रेटशेनचा चरखा: ठेका बसला, श्वास बाकी

मंडळी, 'हाय व्हॉइस'च्या, म्हणजे उंच आवाजासाठीच्या गीतांच्या खंडातून सध्या संगीतकार शूबर्टचं 'ग्रेटशेन आम श्पिनराडं' ('चरख्यावरची ग्रेटशेन') हे जर्मन गाणं शिकते आहे. १८१४ च्या ऑक्टोबरमधलं, म्हणजे शूबर्टबाबा तेव्हा १७ वर्षांचे! शब्द ग्योथेच्या 'फाउस्ट' नाटकातले: चरख्यावर सूत काततानाच ग्रेटशेन प्रियकराच्या आठवणीने झुरते आहे. मूळ पट्टी डी मायनर, आपल्या हिशेबाने पांढरी दोन, आणि हाय व्हॉइसच्या प्रतीत तीच मिळते. पण उंच आवाजाची प्रत म्हणजे मूळ पट्टी, असं सरसकट धरून चालू नका. 'डेअर लायरमान' हे दुसरं गाणं शूबर्टने हस्तलिखितात बी मायनरमध्ये लिहिलं, छापून आलं ते ए मायनरमध्ये. प्रत घेताना संपादकाची टीप वाचलेली बरी.

पियानोचा उजवा हात चरख्यासारखा सतत फिरतो. त्यावर 'सेम्प्रे लेगातो' (सतत जोडून) लिहिलंय, डाव्या हाताला 'सेम्प्रे स्टकॅटो' (सतत तोडून). मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा मिनिटाला ७२ ठोके. मी ६० वर आहे आणि घाई नाही, कारण वेग वाढला की जर्मन व्यंजनं गिळली जातात. आधी नुसते शब्द ठेक्यात बोलायचे, मग फक्त स्वरवर्ण गायचे, व्यंजनं सगळ्यात शेवटी. कंटाळवाणं आहे, पण 'माइने रू इस्ट हिन' (माझी शांती गेली) ही पहिली ओळ आता जिभेवर बसलंय.

खरी मजा मधे आहे. प्रियकराची चाल, डोळे, हाताचा स्पर्श आठवत आठवत ग्रेटशेन 'झाइन कुस' (त्याचं चुंबन) म्हणते आणि पियानो थांबतो. चरखा बंद. डीला सा धरलं तर इथे तार मध्यम, वर फर्माटा, म्हणजे सूर लांबवण्याची खूण. मग पियानो अडखळत पुन्हा सुरू होतो, एकदम चाल धरत नाही. बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये हा फर्माटा इतका ताणतात की मुलगी बाजूला राहते आणि गायिकेचा दम तेवढा ऐकू येतो. माझं मत, थोडा आखूडच हवा. पुढचं अडखळणं मग जास्त बोचतं.

शेवटाकडे 'फेरगेएन' (विरून जाणं) या शब्दावर तार पंचम. सूर लागतो, पण तिथवर पोचेपर्यंत भाता रिकामा. ओळींची पुनरावृत्ती शूबर्टने वाढवली आहे, त्यामुळे चढण लांबते. सध्या तो भाग शेवटाकडून मागे शिकते आहे: आधी पंचमाचा तुकडा, मग त्याआधीची ओळ, असं. श्वासाच्या खुणा पेन्सिलनेच, कारण दर आठवड्याला बदलतात.

आणि पंचम झाल्यावर काम संपत नाही. ग्योथेची कविता तिथे थांबते, शूबर्ट मात्र पहिल्या दोन ओळी परत आणतो, हळू आवाजात. जोरात गाऊन झाल्यावर लगेच तो हलका सूर धरायचा, हे पंचमाहून अवघड जातंय. साथीला बसणाऱ्या मैत्रिणीने सुचवलंय की पुढच्या बैठकीत आधी हा शेवटच घ्यायचा, आवाज ताजा असताना. कुणी हे गायलं असेल तर 'फेरगेएन'च्या आधी श्वास कुठे घेता, तेवढं सांगा.