३६ तास २० मिनिटांनी गप्प होणारे नोड

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत आम्ही वायरलेस सेन्सरचं जाळं लावलं होतं. गोडी छाटणीनंतरचे (फळांसाठी केल्या जाणाऱ्या छाटणीनंतरचे) दिवस, म्हणजे डावणी या बुरशीजन्य रोगाची धास्ती. पानं किती वेळ ओली राहिली, मातीत ओल किती, हवेत दमटपणा किती, हे दर दहा मिनिटांनी मोजायचं आणि एका नोडकडून (जाळ्यातल्या एका छोट्या यंत्राकडून) दुसऱ्याकडे सरकवत शेडमधल्या गेटवेपर्यंत, म्हणजे सगळा डेटा गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत पोचवायचं, एवढंच काम. नोड टेलॉसबी घराण्यातले: १६ बिटी एमएसपी४३० प्रोसेसर, १० केबी रॅम, ४८ केबी फ्लॅश, २.४ गिगाहर्ट्झचा सीसी२४२० रेडिओ. फर्मवेअरचा, म्हणजे नोडच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचा सांगाडा आमच्याआधी काम करून गेलेल्या टीमचा होता; आम्ही त्यावर सेन्सरचे ड्रायव्हर बसवले होते.

सकाळी नोड चालू केले की तो दिवस आणि दुसरा दिवस डेटा सुरळीत यायचा. दुसऱ्या दिवशी रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला अर्धीअधिक बाग गप्प व्हायची. शेडजवळचे नोड मात्र चालूच. बॅटरी काढून परत लावली की सगळं पूर्ववत, आणि पुन्हा तेच.

अशा वेळी पहिला संशय हार्डवेअरवर जातो. बॅटरी उतरली असेल, डबीत पाणी गेलं असेल, फवारणीचं बोर्डो कनेक्टरवर बसलं असेल, मांडवावर पाला वाढल्यामुळे रेडिओ अडत असेल. यातलं काहीच अशक्य नव्हतं. ओला पाला २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल खरोखरच खातो. बागायतदार काकांचं निदान तर आमच्यापेक्षाही नेमकं होतं. "साहेब, रातच्याला थ्री फेज लाईट येते ना, मोटर चालू झाली की तुमचं बंद पडतं. टायमिंग बघा तुम्ही." टायमिंग जुळत होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री आठलाच येत होती, आणि स्टार्टरचा खटका पडताना विजेची गडबड होते हे कुणीही मान्य करील.

म्हणून आधी काकांच्याच निदानाची परीक्षा घेतली. सगळे नोड सकाळऐवजी भर दुपारी बारा वाजता बंद करून चालू केले, बाकी काहीही बदललं नाही. दोष मोटरचा असता तर दुसऱ्या दिवशी रात्री आठलाच गप्प व्हायला हवे होते. आठ वाजले, मोटर चालू झाली, डेटा येत राहिला. मध्यरात्र उलटून वीस मिनिटं होतात न होतात तोच रांगा गप्प व्हायला लागल्या. म्हणजे हे घड्याळाच्या वेळेवर नव्हतं, लाईटवर नव्हतं, दवावरही नव्हतं. नोड चालू झाल्यापासून किती वेळ गेला, त्यावर होतं. एवढं कळल्यावर बॅटऱ्या मोजणं मी बंद केलं.

मनाला तेवढाच आधार म्हणून सांगतो, यात आम्ही एकटे नव्हतो. २००५ साली नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या करप्याचा अंदाज घेण्यासाठी शंभराच्या आसपास नोड शेतात लावले होते, आणि अपेक्षित डेटापैकी हाती आला जेमतेम २ टक्के. तिथेही रोगापेक्षा सॉफ्टवेअरनेच जास्त छळलं.

आमची खरी अडचण अशी की नोड फक्त शेताबद्दल बोलत होता, स्वतःबद्दल काहीच सांगत नव्हता. त्याने पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटमध्ये, म्हणजे डेटाच्या पुडक्यात, ओल, तापमान, आर्द्रता आणि व्होल्टेज, बस. पॅकेट आलं नाही तर का आलं नाही हे ठरवायला गेटवेकडे काही साधनच नाही. त्याच २००५ साली यूसीएलएमधल्या संशोधकांनी 'सिम्पथी' नावाची प्रणाली मांडली होती. तिचा विचार मला फार पटलेला आहे: डेटा कमी येणं हेच लक्षण धरायचं, आणि मग नोड रीस्टार्ट झाला का, शेजारी दिसतात का, पुढचा रस्ता आहे का, असे प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारत कारणापर्यंत जायचं. आम्ही तेच आमच्या ऐपतीप्रमाणे केलं. प्रत्येक पॅकेटला एक शेपूट जोडलं: पॅकेटचा क्रमांक, चालू झाल्यापासूनची मिनिटं, शेवटच्या रीसेटचं कारण, सध्याचा पालक नोड (ज्याच्याकडे पॅकेट पुढे सरकवायचं तो) कोणता, आणि मोकळे बफर (पॅकेट तात्पुरतं ठेवायच्या मेमरीतल्या जागा) किती. रेडिओची फ्रेम १२७ बाइटची असते, जागेचा प्रश्न नव्हता. हे पहिल्या दिवसापासून का नसतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पुढच्या फेरीत शेपटांनी बोलायला सुरुवात केली. गप्प झालेल्या नोडांच्या शेवटच्या पॅकेटांत मिनिटांचा आकडा २,१८० च्या आसपास घुटमळत होता, म्हणजे ३६ तास २० मिनिटं. आणि गप्प होण्याआधी एक विचित्र गोष्ट घडत होती. २१८ पर्यंत एकेकाने वाढत आलेला पॅकेट क्रमांक अचानक हजारांत उडी मारत होता. मधली बहुतेक पॅकेटं गेटवेला मिळालीच नव्हती, पण नोडने ती पाठवली होती हे क्रमांकच सांगत होता.

मग कागद-पेन घेतलं. नोडचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ ठोके देतो. फर्मवेअर ते ३२ बिटी काउंटरमध्ये मोजत होतं, त्यात मावतात ४,२९,४९,६७,२९६ ठोके. भागाकार केला की १,३१,०७२ सेकंद, म्हणजे ३६ तास २४ मिनिटं ३२ सेकंद. तिथे काउंटर शून्यावर येतो. आमचे नोड त्याच्या साडेचार मिनिटं आधी बिघडत होते, आणि हे 'आधी' फार बोलकं होतं.

कोडमध्ये तुलना सरळसोट होती: आत्ताची वेळ पुढच्या पाठवणीच्या वेळेइतकी किंवा तिच्यापेक्षा मोठी असेल तर पाठव. २१८ वं पॅकेट गेलं १,३०,८०० व्या सेकंदाला. पुढची वेळ त्यात ६०० सेकंद मिळवून, म्हणजे १,३१,४००. पण ती काउंटरच्या टोकापलीकडे जाते, म्हणून गुंडाळून होते ३२८. आत्ताची वेळ १,३०,८००, पुढची वेळ ३२८. झालं, नोडच्या मते पाठवणीची वेळ केव्हाच होऊन गेली होती. म्हणून पाठव. पुन्हा हिशेब, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा पाठव. काउंटर शून्यावर येईपर्यंत पुरे २७२ सेकंद पॅकेटांचा भडिमार.

इथे टीममधले बरेच जण खूश झाले, सापडलं म्हणून. मला एक गोष्ट टोचत होती. काउंटर शून्यावर आला की तुलना पुन्हा बरोबर यायला हवी, भडिमार थांबायला हवा आणि पाचेक मिनिटांनी नोड आपसूक वळणावर यायला हवा. मग तो सकाळपर्यंत गप्प का राहतो?

त्यासाठी लॅपटॉपला एक मोकळा नोड लावून त्याचा स्निफर, म्हणजे हवेतली पॅकेटं नुसती ऐकणारा नोड केला, ती पॅकेटं दाखवणारं वायरशार्क उघडलं आणि गप्प झालेल्या रांगेत जाऊन बसलो. स्क्रीनवर जे दिसलं ते असं: टोकाचा नोड पॅकेट पाठवतोय, लगेच मधल्या नोडची पोच येतेय. दहा मिनिटांनी पुन्हा पॅकेट, पुन्हा पोच. पण मधल्या नोडकडून पुढे एकही पॅकेट निघत नाही. त्याचा हिरवा एलईडी मात्र वेळेवर लुकलुकतोय. पोचपावती फाडून देणारं आणि पत्रं टेबलाखाली टाकणारं पोस्ट ऑफिस, अगदी तसं.

कारण दोन थरांचं निघालं. सीसी२४२० मध्ये पोच देण्याचं काम रेडिओची चिप स्वतःच करते, प्रोसेसरला विचारत नाही. वरच्या सॉफ्टवेअरने पॅकेट टाकून दिलं तरी खालून 'मिळालं' असं उत्तर जातं. त्यामुळे टोकाच्या नोडला वाटत राहतं की आपला पालक उत्तम चाललाय, आणि तो रस्ता बदलत नाही. आणि पॅकेट टाकलं का जात होतं? मधल्या नोडकडे बारा बफरांचा साठा. चॅनल व्यग्र असला की रेडिओ पाठवायला नकार देतो, आणि नकार आलेल्या त्या एका वाटेवर कोड बफर परत न करताच बाहेर पडत होता. एरवी नकार क्वचितच येतो, त्यामुळे गळती जाणवत नाही. पण सगळी रांग एकाच सकाळी पाठोपाठ चालू केलेली, म्हणून भडिमारही एकत्रच. त्या साडेचार मिनिटांत बाराही बफर गायब, आणि नंतर नोडला स्वतःचं पॅकेट बांधायलाही जागा उरत नाही. वॉचडॉगने, म्हणजे ठरावीक मुदतीत थोपटलं नाही तर नोड रीसेट करणाऱ्या राखणदाराने, रीसेट करायला हवं होतं, पण त्याला थोपटायचं काम टायमरच्या इंटरप्टमध्ये (बाकी कोड अडला तरी ठरल्या वेळी चालणाऱ्या तुकड्यात) होतं आणि टायमर ठणठणीत होता.

हे टेबलावर पकडणं आणखी मजेचं. काय चाललंय ते लॅपटॉपवर लिहून दाखवणारा प्रिंट कोडमध्ये टाकला की दोष नाहीसा व्हायचा. १,१५,२०० बॉडने (सेकंदाला तेवढे बिट या वेगाने) साठ अक्षरांची ओळ जायला पाचेक मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात भडिमार मंदावायचा आणि बफर वाचायचे. म्हणून प्रिंट काढून टाकले आणि रॅममध्ये छोटा गोल लॉग ठेवला: दर घटनेला दोन बाइट, बफर घेतला, दिला, नकार आला. नंतर सावकाश तो वाचायचा. छत्तीस तास थांबायचीही गरज नव्हती. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काउंटरची सुरुवात मुद्दाम अशी ठेवलेली असते की बूटनंतर पाच मिनिटांतच तो गुंडाळला जावा. तीच युक्ती उचलली. चहा होईपर्यंत दोष समोर. आधीच्या टीमला हा का दिसला नसेल, तेही उमगलं: टेबलावरच्या नोडवर तासातासाला नवा कोड चढत असतो, दीड दिवस सलग तो कधी चालतो?

दुरुस्ती चार ओळींची. दोन वेळांची थेट तुलना काढून त्यांच्यातला फरक काढायचा आणि तो चिन्हासह तपासायचा, म्हणजे काउंटर गुंडाळला तरी उत्तर बरोबर येतं. नकाराच्या वाटेवर बफर परत द्यायचा. वॉचडॉगला थोपटायचं ते एखादं पॅकेट खरंच पुढे गेलं असेल तरच. आणि प्रत्येक नोडच्या पाठवणीत थोडा यादृच्छिक उशीर. यातल्या वॉचडॉगच्या बदलावर आमच्यात बरीच वादावादी झाली, कारण गेटवे बंद असला तर सगळी बाग उगाच रीसेट होत बसेल. शेवटी मुदत मोठी ठेवून तह झाला.

हवेतून नवा कोड पाठवण्याची सोय या फर्मवेअरमध्ये नव्हती, त्यामुळे लॅपटॉप आणि केबल घेऊन रांगेरांगेने फिरावं लागलं. काका मागून छत्री धरून होते आणि प्रत्येक नोडला "हा झाला का?" विचारत होते. मोटरचा दोष नव्हता हे त्यांनी मान्य केलं, पण स्टार्टरजवळचा नोड दहा फूट लांब घ्यायला लावलाच. घेतला.

आता ३६ तास काय, महिने उलटले तरी रांगा बोलतात. ओढ्याकडच्या कोपऱ्यातला एक नोड तेवढा अधूनमधून रीस्टार्ट होतो, आणि त्याच्या शेपटात कारण दर वेळी एकच येतं: व्होल्टेज पडलं. त्याला कोड बघायची गरज नाही, बॅटरीच्या डबीचा टाका निघालाय.