गटाराची तांबडी जाळी

आमच्या सोनं शुद्ध करायच्या दुकानाबाहेरच्या गटारावरची जाळी तांब्याची आहे, असं मला लहानपणी वाटायचं. मे महिन्यात आई मला घेऊन विट्याहून कोइंबतूरला यायची, तेव्हा त्या जाळीवर उभं राहून मी रस्ता बघत बसायचो. लालसर, वर हिरवी बुरशी धरलेली. दोन-तीन वर्षांत ती कुरतडल्यासारखी होऊन तुटायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, नवी काळी लोखंडी जाळी आणायचे आणि आठवड्याभरात तीही तांबडी.

पुढं बीएस्सीला केमिस्ट्री घेतली आणि एका तासाला वर्गातच डोक्यात प्रकाश पडला. आमच्या सांडपाण्यात तांबं होतं. ते लोखंडावर चढत होतं आणि तेवढं लोखंड विरघळून पाण्याबरोबर जात होतं. जाळी फुकटात आमचं काम करत होती.

सांगलीतल्या खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला गलाई काय ते सांगावं लागत नाही. घरटी एक तरी माणूस तामिळनाडू, केरळ, यूपी, कुठंतरी भट्टीपुढं बसलेला असतोच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या दागिन्यांच्या सोन्यात चांदी, तांबं मिसळलेलं असतं. ते वेगळं करायचं तर आधी त्यात आणखी चांदी घालून वितळवायचं, इतकी की सोनं जेमतेम चौथा हिस्सा उरावं. चांदी कमी पडली तर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, आतपर्यंत शिरत नाही. तो रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि नायट्रिकमध्ये उकळायचे. तांबूस धूर सुटतो, चांदी आणि तांबं विरघळतं, तळाशी चॉकलेटी भुकटी राहते. तेच सोनं. दोन-तीनदा धुवायचं, सवागी (टाकणखार) टाकून वितळवायचं, झालं.

वर जे हिरवट-निळं पाणी उरतं, त्याची ही गोष्ट.

त्या पाण्यात चांदी असते, म्हणून ते कुणी फेकत नाही. आण्णांची पद्धत साधी होती. आजीचा एक फुटका तांब्याचा हंडा होता, त्याचे पत्रे कापून बरणीत सोडायचे. तासाभरात पत्र्याला करडी लव फुटायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर शेवाळ साठल्यासारखी चांदी, बोट लावलं की झडणारी. हिशेब बघा, १ किलो तांबं झिजलं की जवळजवळ ३ किलो ४०० ग्रॅम चांदी खाली बसते. "आईचा हंडा अजून कमावतोय," असं आण्णा म्हणायचे. पाणी मात्र आणखी निळं व्हायचं, कारण चांदीच्या जागी आता तांबं उतरलेलं असायचं. आणि ते निळं पाणी थेट गटारात.

चांदीच्या बाबतीत आमचं दुकान कंजूस म्हणावं इतकं काटेकोर. केर झारेकऱ्याला, म्हणजे केरातनं सोनं-चांदी काढणाऱ्याला, विकायचा, पायपुसणं जाळून त्याची राख ठेवायची, हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात निवळू द्यायचं. दुष्काळी गावाकडनं आलेली माणसं आम्ही. पाणी जपायचं हे कुणी शिकवायला नको होतं. पण इथं आम्ही पाण्यातला माल तेवढा जपत होतो. ज्याला भाव आहे ते काढून घ्यायचं, उरलेलं उक्कडमच्या तळ्याकडं जाईना का!

दुकान माझ्याकडं आलं त्या वर्षी महापालिकेची एक सफाई कामगार बाई दारात आली. हातातलं फावडं दाखवलं. त्याचं पातं तांबडं झालेलं. "सेट्टु, तुमच्या गटारात काय आहे?" मला उत्तर माहीत होतं, म्हणूनच जास्त लाज वाटली.

मग जाळीचंच काम मी आत घेतलं. चांदी काढल्यावरचं निळं पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात भंगार लोखंडावर सोडतो. लेथवरचा कीस सगळ्यात चांगला, फक्त तेलकट नको. तांबं लाल भुकटी होऊन खाली बसतं. यात माझं डोकं काही नाही. अमेरिकेत मोन्टानातल्या ब्यूट गावी तांब्याच्या खाणीतलं आंबट पाणी असंच भंगार लोखंडावरून खेळवत आणि तांबं काढत. तिथली बर्कली पिट नावाची प्रचंड उघडी खाण. १९८२ मध्ये तिथले पंप बंद केले आणि खड्डा त्याच आंबट पाण्यानं भरत गेला. १९९५ मध्ये त्या पाण्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले. आमचं पिंप दोनशे लिटरचं, पण आतलं दुखणं त्याच जातीचं.

तांबं संपलं का, हे बघायला चकचकीत खिळा. पाण्यात पाच मिनिटं धरायचा. लाल झाला तर अजून आहे, पांढरा राहिला तर पुढं जायचं. मग चुन्याची निवळी, पीएच साडेआठ-नऊपर्यंत. पाणी आधी गढूळ हिरवं होतं, मग ढवळता ढवळता गंजासारखं पिवळं, आणि रात्रभरात गाळ खाली. तो गाळ घातक कचऱ्यात मोडतो. पोत्यात भरून अधिकृत गाडीलाच द्यायचा, उकिरड्यावर नाही.

पाणी परत वापरणं हे त्याहून सोपं निघालं. सोनं तीनदा धुतो. तिसऱ्या धुण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते पुढच्या घाण्याचं दुसरं धुणं. दुसऱ्याचं पहिलं. पहिल्याचं पाणी तेजाब पातळ करायला. नवं पाणी फक्त शेवटच्या धुण्याला लागतं, तेही एसीच्या नळीचं. कारण असं की बोअरचं पाणी घातलं की चांदीचं पाणी लगेच दुधासारखं फुटतं. त्यातल्या मिठाशी चांदीची गाठ पडते. सिरुवाणी धरणाचं नळाचं पाणी त्या मानानं गोड, पण ते पिण्यासाठी. एसीचं पाणी मी नऊ वर्षं खिडकीतून खाली ठिबकू देत होतो!

एवढं करून मी खूश होतो. शेवटचं पाणी बघितलं तर नितळ. तांबं नाही, चांदी नाही, पीएच ठीक. मग एका रात्री कागदावर हिशेब मांडला आणि झोप उडाली. चांदीच्या जागी तांबं आलं, तांब्याच्या जागी लोखंड, लोखंडाच्या जागी चुना. पण तेजाबातलं नायट्रेट? ते कुणाशीच बसत नाही. धुरात गेलं ते सोडलं, तर चांदीच्या पाण्यात जेवढं, शेवटी जवळजवळ तेवढंच. १०० ग्रॅम सोन्याच्या घाण्यात ३०० ग्रॅम चांदी धरली, तर तिच्याबरोबरचं नायट्रेटच १७० ग्रॅमच्या वर भरतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. म्हणजे एका घाण्याचं पाणी पिण्याजोगं करायला त्यात ३,८०० लिटर चांगलं पाणी ओतावं लागेल. दोनशे लिटरचे १९ बॅरल. टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी आमच्या वाडीवर टँकर यायचा, तेव्हा घरटी दोन बॅरल मिळायचे.

शहाणपणाही करून बघितला. कॅल्शियम नायट्रेट म्हणजे खतच की, म्हणून मागच्या कढीपत्त्याला दोन बादल्या घातल्या. चौथ्या दिवशी झाड करपलं. बायको अजून ऐकवते.

आता ते पाणी भट्टीच्या मागच्या धगीवर पसरट ट्रेमध्ये आटवतो. पार कोरडं करत नाही. शोऱ्याच्या जातीचा आहे तो, आणि शेजारी कोळसा; भडकायला वेळ लागणार नाही. काकवीसारखं दाट झालं की कॅनमध्ये भरतो आणि गाळाबरोबर त्याच गाडीला देतो. त्याचे पैसे मिळत नाहीत, मलाच द्यावे लागतात. बाजारातल्या बाकीच्या भट्ट्यांना हे पटवायला गेलो तर पहिला प्रश्न येतो, त्यातनं निघतं काय? चांदीसाठी एसीचं पाणी मात्र आता पाच जण धरतात.

पोंगलला आण्णा गावाहून आले होते. मागं जाऊन त्यांनी एकेक पिंप उघडून बघितलं. शेवटच्या पिंपात खिळा धरला, लुंगीला पुसला, उजेडात फिरवून बघितला. पांढरा.

"मग ह्येला पैसं देऊन कशाला धाडतुयास? काय ऱ्हायलंय ह्यात?"

"नायट्रेट, आण्णा."

त्यांनी वाकून परत पिंपात बघितलं. "दिसंना की काय."