मोपाला उतरताना, गाडीने परतताना

बाबांना सावंतवाडीत ॲडमिट केल्याचा फोन पहाटे चारला आला. मुंबईहून गोव्यातल्या मोपा विमानतळाला जाणाऱ्या सकाळच्या विमानाचं तिकीट साडेतीन हजारांना मिळालं आणि दुपारी बाराच्या आत मी बाबांच्या उशाशी होते. आजोबांच्या वेळी तार मिळालेला चाकरमानी बोटीने गावी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. त्यामुळे स्वस्त विमानाला नुसती चैन म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

विमानात शेजारचं जोडपं शनिवार-रविवारसाठी गोव्याला निघालं होतं. गाडी वेटिंगवर, म्हणून विमान, म्हणाले.

बाबा सावरले. चौथ्या दिवशी मी चुलतभावाबरोबर मोपाच्या बाजूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेले. श्रावण होता. जांभ्याच्या खळग्यांत साचलेल्या पाण्याकाठी सीतेची आसवं फुलली होती, जांभळी, तांदळाच्या दाण्याएवढी. बघायला उकिडवं बसावं लागलं. हा कातळ पाऊस मुरवतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना पुरवतो. अशाच सड्यावर विमानतळ झालाय. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्याची पर्यावरण परवानगी स्थगित केली होती. 2020 मध्ये अटी घालून स्थगिती उठली आणि 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन झालं. तिकिटाच्या साडेतीन हजारांत या सड्याचे किती धरले असतील?

आणि धुराचे? एक किलो विमानाचं इंधन जळलं की तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुंबई-गोव्यासारख्या तासाभराच्या उड्डाणात तर बरंचसं इंधन वर चढण्यातच जातं.

परतीला घाई नव्हती, रात्रीची गाडी धरली. कोकण रेल्वेचं 2022 मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालंय. वीज बरीचशी कोळशाचीच, तरी माणशी हिशेब विमानापेक्षा कितीतरी कमी. पण 741 किलोमीटरच्या या मार्गावर रोहा ते वीर सोडलं तर जवळजवळ सगळा रूळ एकेरी. गाड्या वाढवायच्या कुठून? सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ 2021 मध्ये झाला, पाठोपाठ मोपा. दोन धावपट्ट्यांना पैसा मिळाला, दुसऱ्या रुळाला मिळाला नाही, याचा मला खरंच राग येतो. ते जोडपं गाडीनेही आलं असतं.

मध्यरात्री एका लहानशा स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली. बाहेर मुसळधार पाऊस. समोरून गाडी आली, खिडक्या-खिडक्यांतून झोपलेली माणसं पुढे सरकली, जनरलच्या दारात दोघं उभे होते. ती गेल्यावर आमची सुटली.