समुपदेशकाशी असलेले नाते कसे असावे

समुपदेशनासाठी पहिल्यांदा आलेली व्यक्ती खुर्चीत नीट बसण्यापूर्वीच बहुधा एक प्रश्न विचारते, "मॅडम, हे घरी कळणार नाही ना?" मुंबईत हा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण इथे अनेकांना घरात स्वतःची खोलीच काय, शांतपणे फोनवर बोलायला कोपराही मिळत नाही. म्हणून पहिल्या भेटीत मी अडचणीकडे वळण्याआधी गोपनीयतेविषयी सविस्तर बोलते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आजाराचे निदान झालेले नसले, तरी समुपदेशकावर व्यवसायनीतीचे तेच बंधन असते. आईवडील फी भरत असले, तरी सज्ञान मुलीने आत काय सांगितले हे त्यांना सांगितले जात नाही. याला अपवाद आहेत आणि ते आधीच सांगितले गेले पाहिजेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे, किंवा बालकावरील लैंगिक अत्याचार समोर येणे, ज्याची खबर देणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

याच ओघात मी आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. दादर स्टेशनच्या पुलावर आपण समोरासमोर आलो, तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही हसलात तर मीही हसेन, पण सोबतच्या माणसाला "या कोण?" याचे उत्तर देण्याची वेळ तुमच्यावर माझ्यामुळे येता कामा नये. ऑनलाइन भेटणाऱ्यांशी एक खुणेचे वाक्यही ठरवून घेते. गच्चीवर किंवा जिन्यात बसून बोलणारी मुलगी मध्येच "भाजी कोणती आणू?" म्हणाली, की कोणीतरी जवळ आले आहे हे मला समजते.

त्यानंतरच्या भेटी साधारणपणे आठवड्यातून एकदा, ४५ ते ५० मिनिटांच्या असतात. सुरुवातीला प्रश्न बरेच विचारले जातात आणि सल्ला फारसा मिळत नाही, त्यामुळे काहींचा विरस होतो. "नोकरी सोडू की नको, तेवढे सांगा" अशी मागणी मी समजू शकते, पण माझ्या सांगण्यावरून घेतलेला निर्णय निभवायचा मात्र त्या व्यक्तीलाच असतो. काही भेटींनंतर मन हलके होते, काहींनंतर उलट जड होते. दाबून ठेवलेले वर आल्यावर असे होऊ शकते. ते असह्य झाले, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो.

आता नात्याविषयी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली समानुभूती (दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याचे मन समजून घेणे), विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाचा खरेपणा यांना बदलासाठी आवश्यक अटी मानले, आणि १९७९ साली एडवर्ड बोर्डिन यांनी या नात्याचे तीन भाग सांगितले: उद्दिष्टांवर एकमत, करावयाच्या कामावर एकमत, आणि परस्परांतील विश्वास. उपचारपद्धती कोणतीही असो, हे नाते जुळले तर गुण येण्याची शक्यता वाढते, असे पुढील संशोधनात वारंवार आढळले आहे.

परंतु नाते जुळणे म्हणजे सारे गोड असणे नव्हे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. आपल्याकडे डॉक्टर, शिक्षक, वडीलधारे यांना उलट बोलू नये ही शिकवण इतकी मुरलेली असते, की समुपदेशकाचे काही खुपले तरी माणूस "हो मॅडम" म्हणतो आणि पुढच्या वेळी ट्रेनचे कारण सांगून येत नाही. त्याऐवजी "मागच्या वेळी मी बाबांविषयी बोलत होतो आणि तुम्ही घड्याळाकडे पाहिलेत, ते मला लागले" एवढे वाक्य कोणी बोलून दाखवले, तर ती भेट अतिशय मोलाची ठरू शकते. ते ऐकताना मलाही अवघडल्यासारखे होते. पण मी स्पष्टीकरणांची ढाल पुढे न करता ऐकून घेतले, तर आपण नाराजी व्यक्त केली तरी समोरची व्यक्ती दूर जात नाही, हा अनुभव त्याला मिळतो. अनेकांना तो घरी कधी मिळालेलाच नसतो.

हे नाते मैत्रीचे मात्र नाही. मी लग्नाच्या आमंत्रणाला सहसा नम्रपणे नकार देते आणि जवळच्या नातेवाइकांचे समुपदेशन करत नाही. समुपदेशकच उसने पैसे मागू लागला, भेटी गुप्त ठेवायला सांगू लागला किंवा शारीरिक जवळीक साधू लागला, तर तिथे बोलून पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथून निघावे आणि तक्रार करावी.

असे काही गैर नसूनही बोलून पाहिल्यावर मन जुळत नसेल, तर समुपदेशक बदलण्यात कोणताही कृतघ्नपणा नाही. तसे स्पष्ट सांगावे आणि दुसरे नाव सुचवण्याची विनंती करावी. खासगी फी परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तिथे गर्दी असते, थांबावे लागते, पण शांतपणे बोलायला वेळ हवा आहे हे तिथेही मोकळेपणाने सांगता येते.