मिशिगनकाठचा मार्च आणि उत्तरेकडून उतरणारी शीत आघाडी

मार्चच्या अखेरीस शिकागोतील मराठी मंडळींच्या बोलण्यात एकच विषय वारंवार येतो: थंडीचे जाड कोट आता कपाटात ठेवायचे का? फोनवरच्या अंदाजात पुढच्या दोन दिवसांसाठी १८ किंवा २० अंश सेल्सिअस दिसते आणि पाच महिन्यांच्या हिवाळ्यानंतर त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची इच्छा होते, हे मी समजू शकतो. परंतु मिशिगन सरोवराच्या काठी वसंताच्या सुरुवातीला केवळ तापमानाचा आकडा पाहून भागत नाही. वारा कोणत्या दिशेने वाहणार आहे आणि तो कोणत्या वेळी फिरणार आहे, हे आधी पाहावे लागते.

या दिवसांतला क्रम साधारण ठरलेला असतो. पश्चिमेच्या मैदानी प्रदेशावरून कमी दाबाचे क्षेत्र पूर्वेकडे सरकत येते, त्याच्या पुढच्या भागातील नैऋत्येचा वारा दक्षिणेकडची उबदार, दमट हवा आमच्यापर्यंत पोहोचवतो आणि दुपारी लोक सदऱ्यावर फिरायला बाहेर पडतात. त्या क्षेत्राच्या मागे कॅनडातून आलेली थंड, कोरडी आणि म्हणूनच जड हवा असते. ती उबदार हवेखाली पाचरीसारखी शिरते आणि तिला वर उचलते. पुढे सरकणाऱ्या या थंड हवेच्या पुढच्या सीमेलाच शीत आघाडी म्हणतात. वर गेलेली हवा थंड होऊन ढग जमतात आणि पाऊस पडतो, कधी गडगडाटही होतो. आघाडी डोक्यावरून पुढे गेली की वायुदाब चढू लागतो, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते तो अंश) घसरतो आणि वारा नैऋत्येकडून वायव्येकडे किंवा उत्तरेकडे फिरतो. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी शिकागोत पाऱ्याने ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअस, ओलांडले होते. त्याच संध्याकाळी परिसरात टोर्नेडोसह वादळे झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारा गोठणबिंदूच्या बराच खाली होता. ती आघाडी इतकी प्रबळ होती की तिला सरोवराच्या मदतीची गरजच नव्हती.

सरोवराचा खरा प्रभाव दिसतो तो सौम्य आघाड्यांच्या वेळी. मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे ४९० किलोमीटर लांब आणि सरासरी ८५ मीटर खोल आहे, आणि शिकागो त्याच्या दक्षिण टोकाजवळ वसलेले आहे. मार्चच्या शेवटी या पाण्याचा पृष्ठभाग गोठणबिंदूपेक्षा जेमतेम काही अंशांनी उबदार असतो. तो लवकर तापत नाही, याचे कारण केवळ पाण्याची प्रचंड उष्णताधारकता एवढेच नाही. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे त्याहून थंड असलेले पृष्ठभागाचे पाणी उन्हाने जरा तापले की जड होऊन खाली जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. खोल भागातील सगळे पाणी ४ अंशांपर्यंत पोहोचेपर्यंत वरच्या थराला त्यापलीकडे फारसे तापता येत नाही. म्हणून मे उजाडला तरी सरोवराचा मध्यभाग हिवाळ्यातच असतो.

आता अशा पाण्यावरून आघाडी दक्षिणेकडे सरकताना काय होते ते पाहा. जमिनीवर झाडे आणि इमारती तिला अडवतात, आणि तापलेली जमीन तिच्यातील थंड हवेला खालून ऊब देते. पाण्यावर अडथळा जवळपास नसतो आणि ऊब तर मुळीच मिळत नाही. परिणामी आघाडीचा पाण्यावरचा भाग जमिनीवरच्या भागाला मागे टाकून पुढे धावतो आणि ईशान्येकडून थेट किनाऱ्यावर शिरतो. सरोवरापासून दूर असलेल्या नेपरव्हिल किंवा ऑरोरामध्ये अजून ऊन आणि नैऋत्येचा वारा असताना किनाऱ्यावरील एव्हन्स्टनमध्ये पारा कोसळलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या मिलवॉकी कार्यालयाने १९६० च्या दशकात अशा आघाडीला ‘न्यूमोनिया फ्रंट’ म्हणायला सुरुवात केली. तिच्यामुळे तासाभरात तापमान किमान १६ अंश फॅरनहाइटने, म्हणजे जवळपास ९ अंश सेल्सिअसने, उतरते. भारतातून नुकत्याच आलेल्या आईवडिलांना किनाऱ्यावर फिरायला नेताना गाडीत शाल आणि कानटोपी असलीच पाहिजे, हे मी आग्रहाने सांगतो ते याच कारणासाठी. वयस्कर माणसाला एवढा उतार सोसत नाही.

शिकागोचे अधिकृत तापमान १९८० पासून ओहेअर विमानतळावर मोजले जाते आणि तो विमानतळ किनाऱ्यापासून बराच आत आहे. त्यामुळे बातम्यांतला आकडा आणि किनाऱ्यावरचा अनुभव यांत एप्रिलमध्ये दहा अंशांचा फरक सहज पडू शकतो. अंदाजात ‘सरोवराजवळ अधिक थंड’ असे शब्द दिसले, तर मी ते शब्द आकड्यापेक्षा अधिक गांभीर्याने घेतो. हवामान सेवेचे रोमिओव्हिल येथील कार्यालय अंदाजासोबत हवामानतज्ज्ञांचे सविस्तर विवेचनही प्रसिद्ध करते. आघाडी किती वाजता येणार, तिच्या वेळेबद्दल त्यांना स्वतःला कितपत खात्री आहे, हे त्यात मोकळेपणाने लिहिलेले असते. फोनवरच्या सूर्य-ढगाच्या चित्रात यातले काहीही येत नाही.

आघाडीनंतरची रात्र मात्र वेगळी असते. उच्च दाबाखाली आकाश निरभ्र होते, वारा पडतो आणि आतल्या उपनगरांत जमीन झपाट्याने थंड होऊन पहाटे दहिवर गोठते. दिवसा कुडकुडणारा किनारा त्या पहाटे तुलनेने सुरक्षित असतो, कारण शेजारचे पाणी कितीही थंड असले तरी ते गोठणबिंदूच्या वरच असते.

सरोवराच्या या थंडपणाची किंमत पूर्वेच्या, म्हणजे मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावरील फळबागायतदारांना सर्वाधिक माहीत आहे. पश्चिमेकडून येणारा वारा पाण्यावरून गारठून बागांवर येतो, कळ्या उशिरा उमलतात आणि तोवर कडाक्याच्या रात्री सरलेल्या असतात. अमेरिकेतील आंबट चेरींचे बहुतांश उत्पादन याच राज्यातून येते. २०१२ च्या मार्चमध्ये हे संरक्षण तोकडे पडले. शिकागोत त्या महिन्यात तब्बल आठ दिवस पारा ८० अंश फॅरनहाइटच्या म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या घरात किंवा वर गेला, मिशिगनमधील झाडे कित्येक आठवडे आधीच फुलली आणि एप्रिलच्या गोठवणाऱ्या रात्रींनी आंबट चेरीचे सुमारे ९० टक्के पीक नेले. अवकाळी गारपिटीत द्राक्षबाग गेलेली ज्यांनी नाशिककडे पाहिली आहे, त्यांना या बागायतदारांचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून पाडव्याच्या सुमारास दोन दिवस ऊन पडले, तरी तुळशीची कुंडी बाहेर काढण्याची घाई करू नये. रात्रीचे तापमान सलग १० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागेपर्यंत, म्हणजे मेच्या उत्तरार्धापर्यंत, ती खिडकीतच असू द्यावी. मेथी आणि कोथिंबीर मात्र एप्रिलच्या मध्यापासून पेरायला हरकत नाही. हलके दहिवर ती सोसतात, आणि पहाट फारच कडक असेल असा अंदाज असेल तर त्या रात्रीपुरती जुनी चादर वाफ्यावर अंथरली तरी पुरते.