देवघरातल्या माळेने बंद पाडलेलं नेट

नाशिकला रविवार कारंजाच्या मागे जे जुने वाडे अजून उभे आहेत, तिथे वायफायचं काम म्हणजे डोक्याला ताप. हात-हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, खाली ओसरीत राउटर लावला की माडीवर मोबाईलला एक कांडी पण दिसत नाही. या वाड्यातल्या काकांनी भिंतीला ड्रिल लावायला साफ नकार दिला होता आणि चौकातून वायर लोंबकळलेली काकूंना चालणार नव्हती, म्हणून त्यांच्या मुलाने ऑनलाइन पॉवरलाइन ॲडॉप्टरची जोडी मागवली. एक खाली राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, एक माडीवर, घरातल्या लाइटच्या वायरीतूनच नेट वर जातं. बॉक्सवर ६०० एमबीपीएस छापलेलं, आणि खालचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर खोचायची जागा, मात्र १०० चंच! त्या आकड्याकडे बघूच नका, तो कंपनीच्या टेबलावरचा आकडा असतो.

तक्रार अशी की दिवसभर चाळीसच्या आसपास स्पीड येतो आणि संध्याकाळी सात वाजले की सगळं झोपतं, लाल दिवा. सूनबाईंचे अमेरिकेचे कॉल नेमके तेव्हाच. काकांचं मत, शेजारच्यांनी मोटर लावली की होतं. मुलाचं मत, संध्याकाळी लाइटच खराब येते, व्होल्टेज पडतं. मी दुपारी गेलो तेव्हा अर्थातच सगळं छान चालू.

माडीवरचं ॲडॉप्टर स्पाइक गार्डवाल्या एक्स्टेंशन बोर्डात खोचलेलं होतं. हे बऱ्याच घरात असंच असतं. स्पाइक गार्डच्या आत जो फिल्टर असतो त्याचं कामच मुळी वायरीतलं हाय फ्रिक्वेन्सीचं सगळं गिळायचं, आणि आपलं नेट जातं २ मेगाहर्ट्झपासून वरच्या फ्रिक्वेन्सींवर, म्हणजे त्याच्या लेखी तोही कचराच. ॲडॉप्टर काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावलं, स्पीड साठच्या वर गेला. वाडा सिंगल फेजवर, त्यामुळे दोन टोकं वेगळ्या फेजवर पडण्याची भानगड नव्हती, थ्री फेजच्या बंगल्यांमध्ये ती पण एक कटकट असते. पण सातचं कोडं तसंच होतं, म्हणून म्हटलं थांबतो, काकूंनी चहा टाकला.

चहा होईपर्यंत सगळ्यांचे संशयित तपासले. पाण्याची मोटर चालू केली, सुरू होताना एक झटका आला आणि पुन्हा पूर्ववत. गिझर लावला, काहीच नाही. लोकांना वाटतं जास्त वॅट म्हणजे जास्त त्रास, पण गिझर म्हणजे नुसतं तापणारं कॉइल, दोन हजार वॅट ओढेल पण वायरीत आवाज करणार नाही. मिक्सरने मात्र स्पीड धाडकन निम्मा झाला, कारण आत कार्बन ब्रश घासून ठिणग्या पडत असतात, बंद केला की परत नीट.

सातच्या सुमाराला काकू देवापाशी दिवा लावायला उठल्या आणि माझ्या लॅपटॉपवर स्पीड पडायला लागला, साठवरून दहा, मग चार, मग लिंकच गेली. घरात नवीन काय काय चालू झालं म्हणून विचारलं तर ओसरीतला बल्ब, जिन्यातला बल्ब, टीव्ही आणि देवघर. काकांकडे जुना सेलवरचा ट्रान्झिस्टर होता, शॉर्टवेव्हवाला, तो मागून घेतला. शॉर्टवेव्ह म्हणजे आपल्या नेटचीच पट्टी. आधी दोन्ही पॉवरलाइन ॲडॉप्टर काढून ठेवली, कारण ती स्वतःच रेडिओवर भरपूर खरखर करतात आणि मग चोर कोण ते कळत नाही. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून घरभर फिरलो. टीव्हीजवळ थोडं, जिन्यात थोडं, देवघराच्या उंबऱ्यात गेलो आणि घर्रर्र असा एकसारखा आवाज, काकू हातात निरांजन घेऊन बघतच राहिल्या.

देव्हाऱ्याच्या कमानीला एलईडीची माळ होती आणि तिचा काडेपेटीएवढा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर. काढला की रेडिओ शांत, लावला की घर्रर्र. काकूंची परवानगी घेऊन उघडला. हातात घेतानाच हलका लागत होता. बोर्डवर इनपुटला फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली, पण कॉइलच्या जागी वायरचा तुकडा सोल्डर केलेला, शेजारच्या कपॅसिटरची भोकं रिकामी. म्हणजे डिझाइन करणाऱ्याने दिलं होतं, बनवणाऱ्याने वाचवलं. असा ॲडॉप्टर आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि फिल्टर नसल्याने तो सगळा कचरा वायरीत ओततो, त्यात आपली लाइट ५० हर्ट्झची, म्हणून तो आवाज सेकंदाला शंभर वेळा उसळतो. पॉवरलाइनवाले काही वेडे नाहीत, ते शेकडो छोट्या फ्रिक्वेन्सींवर डेटा वाटून पाठवतात आणि जी गोंगाटात आहे तिच्यावर कमी लादतात. पण सगळ्याच बुडाल्या तर करणार काय?

त्या वेळी दुकानातून दुसरा आणायला वेळ नव्हता, सूनबाईंचा कॉल सुरू होणार होता. म्हणून माडीवरून काढलेला तोच स्पाइक गार्ड देवघरात आणला आणि माळ त्यात लावली. मघाशी जो फिल्टर नेट गिळत होता तोच आता माळेचा कचरा आतल्या आत अडवत होता. स्पीड पन्नासच्या वर टिकला. नंतर नीट फिल्टरवाला ॲडॉप्टर बसवून दिला, माळ तीच ठेवली, ती बदलायची नाही असं काकूंनी आधीच बजावलं होतं.

निघताना दोन्ही पॉवरलाइन ॲडॉप्टरची पेअरिंगची बटणं दाबून नवीन की, म्हणजे त्या जोडीचा आपसातला पासवर्ड, घेतली. हा सिग्नल मीटरपाशी थांबतोच असं नाही, शेजारी तसलीच जोडी असेल आणि दोन्हीकडे कंपनीची जुनीच की असेल तर नेट थेट त्यांच्या घरात. काकांना हे ऐकून शेजाऱ्यांचा नव्याने संशय यायला लागला, तो विषय मी वाढवला नाही.

मिक्सरचं काही करता येत नाही हे सांगितल्यावर सूनबाई काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "चटणी मी साडेसहालाच वाटून ठेवत जाईन, तू तुझं काम कर."